‘त्रिंकोमाली’: मुंबईच्या गोदीतील एक सरकारी युद्धनौका आणि तंजावरचा किनारा

१. प्रस्तावना

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. या गावात एक मोठे जुने छत्र आहे. छत्र म्हणजे वाटसरूंच्या राहण्याजेवणाची सोय करणारी धर्मशाळा. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी १८०२ मध्ये आपली दिवंगत सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ हे छत्र बांधले, म्हणून त्याला मुक्तांबापुरमचे छत्र म्हणतात. काशीहून किंवा महाराष्ट्रातून रामेश्वराला निघालेला यात्रेकरू तंजावर ओलांडून दक्षिणेकडे वळला की त्याच्या मुक्कामासाठी अशी छत्रे वाटेवर होती.

ओरत्तनाडुहून तुम्ही तोच रस्ता धरून पट्टुकोट्टैमार्गे पुढे गेलात तर शेवटी समुद्र लागतो. ही पाल्कची सामुद्रधुनी. किनाऱ्यावर मल्लिपट्टिनम व सेतुबावाछत्रम यांच्याजवळ आठ मजल्यांचा एक षट्कोनी मनोरा उभा आहे. लोक त्याला ‘मनोरा’ याच नावाने ओळखतात. तोही सरफोजींनीच १८१४-१५ च्या सुमारास बांधला. त्यावरील शिलालेख पाच भाषांत असून त्यांत मराठीही आहे. लेखाचा आशय थोडक्यात असा: ब्रिटिश सरकारचे मित्र महाराज सरफोजी यांनी ब्रिटिश शस्त्रांचा विजय आणि बोनापार्टचे पतन यांच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. कावेरीच्या खोऱ्यातील एका मराठी राजाला युरोपातील नेपोलियनच्या पराभवाचा स्तंभ पाल्कच्या किनाऱ्यावर उभारावासा का वाटला? राजनिष्ठा दाखवण्यासाठी, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. तंजावरचे भवितव्य समुद्रावरच्या सत्तेशी किती बांधले गेले होते, हे पाहिल्याशिवाय तो मनोरा कळत नाही. आणि समुद्रावरची सत्ता म्हणजे शेवटी जहाजे: ती कोण बांधतो, कोणत्या लाकडाची बांधतो, त्यांचा खर्च कोण करतो आणि ती कुठे जायची हे कोण ठरवतो.

म्हणून या टिपणात आपण त्या काळातील एकच सरकारी शिडाची युद्धनौका अभ्यासासाठी घेणार आहोत. तिचे नाव ‘त्रिंकोमाली’. ती निवडण्याची कारणे तीन. तिचे नाव तंजावरच्या किनाऱ्यासमोरील श्रीलंकेच्या बंदरावरून आले आहे. मनोरा उभा राहिला त्याच दशकात ती मुंबईत बांधली गेली. आणि ती आजही पाण्यावर तरंगते आहे, म्हणजे तिचे लाकूड हाच इतिहासाचा पुरावा म्हणून आपल्यासमोर आहे.

२. राज्य एकाचे, बंदरे दुसऱ्यांची

व्यंकोजी भोसले यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हा त्या राज्याचा किनारा आधीच परकीयांच्या हाती जाऊ लागला होता. तरंगंबाडी येथे १६२० पासून डॅनिश कंपनी होती. नागपट्टिणम १६५८ मध्ये पोर्तुगीजांकडून डचांकडे गेले होते. पुढे १७३९ मध्ये कारैकाल फ्रेंचांना मिळाले आणि १७४९ मध्ये कोळ्ळिडम नदीच्या मुखाजवळचे देवीकोट्टै इंग्रजांनी घेतले.

या चार नावांकडे नकाशावर एकदा पाहा. शंभर-सव्वाशे मैलांच्या किनाऱ्यावर चार युरोपीय सत्ता ठाण मांडून बसल्या होत्या. भात पिकवणारी सुपीक जमीन राजाची, पण तांदूळ आणि कापड परदेशी घेऊन जाणारी जहाजे बहुतांशी इतरांची. तंजावरच्या राजांनी ही ठाणी काही वेळा दबावाखाली, काही वेळा पैशाच्या गरजेपोटी दिली. प्रत्येक सवलत त्या त्या वेळी लहान वाटली असेल. एकत्र पाहिल्यावर मात्र राज्याची समुद्राकडची बाजू उघडी पडलेली दिसते.

कोकणात मराठ्यांची स्थिती वेगळी होती. शिवाजी महाराजांनी स्वतःचे आरमार उभारले आणि कान्होजी आंग्रे यांनी गुराबा, गलबते व पालांच्या जोरावर मुंबईकर इंग्रजांना अनेक वर्षे अडवून धरले. पण १७५६ मध्ये खुद्द पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार नष्ट झाले. यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मुंबईच्या कंपनी सरकारला टक्कर देईल असे मराठी आरमार उरले नाही. तंजावरला तर ते कधी नव्हतेच.

३. नावामागची लढाई: १७८२

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स व हॉलंड इंग्लंडविरुद्ध उतरले आणि त्या युद्धाची झळ थेट तंजावरला लागली. १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त केला. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी डचांकडून नागपट्टिणम जिंकले. जानेवारी १७८२ मध्ये त्यांनी त्रिंकोमालीही घेतले. फेब्रुवारीत कुंभकोणमजवळ टिपूने कर्नल ब्रेथवेट याची इंग्रज तुकडी पकडली. याच सुमारास फ्रेंच सेनानी सफ्रां आपले आरमार घेऊन चोळमंडलाच्या किनाऱ्यावर आला.

सफ्रां आणि इंग्रज नौसेनापती एडवर्ड ह्यूज यांच्यात १७८२-८३ या दोन वर्षांत पाच लढाया झाल्या. त्यांतील तिसरी ६ जुलै १७८२ रोजी नागपट्टिणमसमोर झाली. ऑगस्टच्या शेवटी सफ्रांने त्रिंकोमालीचे बंदर काबीज केले आणि ३ सप्टेंबर रोजी त्या बंदराबाहेर चौथी लढाई झाली. दोन्ही बाजूंच्या जहाजांची मोठी नासधूस झाली, पण निकाल लागला नाही. बंदर फ्रेंचांकडेच राहिले, तहानंतर ते डचांना परत मिळाले आणि इंग्रजांनी ते पुन्हा घेतले ते १७९५ मध्ये. आपल्या युद्धनौकेचे नाव या लढाईशी जोडले जाते. निर्विवाद विजय न मिळालेल्या लढाईचे नाव जहाजाला का द्यावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. याचे उत्तर त्या बंदराच्या महत्त्वात आहे.

चोळमंडलाचा किनारा उघडा आहे. मद्रास असो की नागपट्टिणम, मोठ्या जहाजांना किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात नांगर टाकावा लागे, आणि माणसे व माल लहान पडावांतून ने-आण करावा लागे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वारे व वादळे सुरू झाली की तेथे थांबणे जिवावर बेतणारे होते. त्रिंकोमाली हे या भागातील एकमेव खोल, सुरक्षित नैसर्गिक बंदर. ते हाती नसेल तर आरमाराला दुरुस्तीसाठी सारे दक्षिण टोक वळसा घालून मुंबई गाठावी लागे. १७८२ च्या अखेरीस ह्यूजला नेमके हेच करावे लागले. त्याची मोडकी जहाजे मुंबईच्या गोदीत गेली. त्या काळात इंग्रजांजवळ हिंदी महासागरात मोठी जहाजे पाण्याबाहेर कोरडी ठेवून दुरुस्त करता येतील अशी दुसरी गोदी नव्हती.

तंजावरच्या किनाऱ्यावरील युद्धाचा धागा असा मुंबईला जाऊन पोचतो.

४. मुंबईची गोदी: कारागीर आणि सागवान

मुंबईत कंपनीचे स्वतःचे लहान आरमार होते. त्याला ‘बॉम्बे मरीन’ म्हणत. १८३० पासून ते ‘इंडियन नेव्ही’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि १८६३ मध्ये बरखास्त झाले. येथे एक फरक ध्यानात ठेवा. कंपनी सरकारचे हे आरमार वेगळे आणि ब्रिटिश राजाचे शाही आरमार, म्हणजे ‘रॉयल नेव्ही’, वेगळे. ‘त्रिंकोमाली’ बांधली गेली कंपनी सरकारच्या गोदीत, पण मागणी होती शाही आरमाराची. त्यामुळे ‘सरकारी जहाज’ म्हणताना त्यात दोन सरकारे गुंतलेली आहेत.

या गोदीचा कणा म्हणजे वाडिया घराणे. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार-कारागीर १७३० च्या दशकात सुरतेहून मुंबईला आले. १७५० पासून मुंबईत सुक्या गोद्या बांधल्या गेल्या आणि पुढे दीडशे वर्षांच्या आसपास या घराण्यातील पिढ्यांनी तेथे मुख्य कारागीर म्हणून काम केले. लवजींचे नातू जमशेटजी बोमनजी यांच्या काळात ही गोदी कीर्तीच्या शिखरावर पोचली. १८१० मध्ये त्यांनी बांधलेली ७४ तोफांची ‘मिंडेन’ ही ब्रिटनबाहेर शाही आरमारासाठी बांधलेली पहिली मोठी युद्धनौका मानली जाते. त्यानंतरची ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ ची. १८४२ मध्ये पहिल्या अफूयुद्धाच्या शेवटी चीनवर लादलेल्या नानकिंगच्या तहावर याच जहाजावर सह्या झाल्या. ‘आशिया’ हे १८२४ चे जहाज १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे प्रमुख जहाज होते. ग्रीस, चीन, हिंदुस्थान या तीन ठिकाणच्या राजकारणात मुंबईच्या सुतारांचे काम असे हजर आहे.

इंग्लंडला मुंबईची जहाजे का हवी होती? मुख्य कारण लाकूड. इंग्लिश युद्धनौका ओक लाकडाच्या असत. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात ओकचा तुटवडा पडला. मलबारचे सागवान त्याला उत्तम पर्याय होते. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे टिकतात. ओकमधील आम्लामुळे खिळे गंजतात व भोवतालचे लाकूडही खराब होते. इंग्लंडमधील घाईघाईने बांधलेली ओकची जहाजे काही वर्षांतच दुरुस्तीला येत. सागवानी जहाजे पिढ्यानपिढ्या चालत.

या लाकडाची किंमत जंगलांनी आणि जंगलावर जगणाऱ्यांनी मोजली. १८०६ मध्ये कंपनीने मलबारच्या जंगलांसाठी कॅप्टन वॉटसन नावाचा पहिला वनसंरक्षक नेमला. त्याचे खरे काम होते सागवानाचा मक्ता सरकारच्या हाती ठेवणे. खाजगी मालकांना व व्यापाऱ्यांना स्वतःची झाडे तोडणे-विकणे कठीण झाले. तक्रारी इतक्या वाढल्या की मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांच्या कारकिर्दीत १८२३ च्या सुमारास हे पद रद्द करावे लागले. तोवर सोयीच्या नदीकाठची मोठी झाडे बरीच संपली होती. निलंबूर येथे १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली यांनी सागाची लागवड सुरू केली, ती याच टंचाईमुळे. भारतातील सरकारी वनव्यवस्थेचा आरंभ शोधताना आपण थेट युद्धनौकांच्या गरजेपाशी पोचतो, हे लक्षात घ्या.

५. हरवलेले आराखडे

‘त्रिंकोमाली’ बांधण्याचा हुकूम ३० ऑक्टोबर १८१२ रोजी निघाला. ती ‘फ्रिगेट’ जातीची होती, म्हणजे सर्वांत मोठ्या युद्धनौकांपेक्षा लहान व वेगवान. टेहळणी, पाठलाग व व्यापारी जहाजांचे संरक्षण यांसाठी उपयोगी. तोफांचा मुख्य मजला सुमारे १५० फूट लांब, रुंदी ४० फुटांच्या आसपास. तिचा नमुना इंग्रजांचा नव्हता. १७८२ मध्येच पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून इंग्रजांनी ‘लीडा’ वर्गाची जहाजे काढली आणि ‘त्रिंकोमाली’ त्याच वर्गातील. म्हणजे आकार फ्रेंच, मागणी इंग्रज, लाकूड मलबारचे, हात मुंबईचे आणि नाव श्रीलंकेतले.

आराखडे मुंबईला पाठवले गेले ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेतून. तीही मूळची फ्रेंच, इंग्रजांनी जिंकून घेतलेली. तिच्यात मुंबईच्या गोदीतील जहाजांसाठी तांब्याचा साठाही होता. पण त्या वर्षी इंग्लंडचे अमेरिकेशीही युद्ध पेटले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठले, हरवले आणि नंतर जाळून टाकले. आराखडे गेले, तांबे गेले. नव्या प्रती काढून पुन्हा पाठवाव्या लागल्या.

त्या जहाजावर आणखी एक प्रवासी होता: मुंबईच्या फौजेचा सेनापती म्हणून निघालेला लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. अमेरिकनांनी त्याला शब्दावर सोडून दिले. पुढे तो मद्रासचा सरसेनापती झाला आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांचा पराभव करणारी इंग्रज फौज त्याच्याच हाताखाली होती. दूरच्या समुद्रावरील एका चकमकीत मुंबईच्या जहाजाचे आराखडे आणि मराठ्यांच्या शेवटच्या युद्धातील एक सेनापती असे दोन्ही एकाच डेकवर होते. इतिहासाचे विषय आपण ‘युरोप’, ‘अमेरिका’, ‘मराठे’ असे वेगळ्या प्रकरणांत शिकतो. १८१२ च्या माणसांना मात्र ही प्रकरणे एकातच जगावी लागली.

६. जलावतरण: १२ ऑक्टोबर १८१७

गोदीत जागा एकच मोकळी असल्याने आधी ‘अँफिट्राइट’ ही दुसरी फ्रिगेट पुरी झाली आणि १८१६ मध्ये ‘त्रिंकोमाली’च्या तळाचा कणा बसवला गेला. वाडियांच्या रिवाजानुसार कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा पारशी विधी झाला. सुतार, आरेवाले, लोहार, शिवणाऱ्या फटी भरणारे कारागीर, ओझी ओढणारे मजूर अशा अनेकांच्या कामातून सुमारे दीड वर्षात जहाजाचा सांगाडा उभा राहिला. बांधणीचा खर्च सुमारे २३,००० पौंड आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले.

या तारखेकडे नीट पाहा. त्यानंतर बरोबर २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबर रोजी, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस नागपूरला सीताबर्डी, डिसेंबरात महिदपूर आणि जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती. मराठी सत्ता कोसळत असतानाच मुंबईच्या गोदीत इंग्रजांच्या सर्वोत्तम युद्धनौकांपैकी एक तयार होत होती. या नौकेने त्या युद्धात एकही तोफ डागली नाही, म्हणून दोन घटनांत कार्यकारणसंबंध लावू नका. तरीही त्या एकाच चित्राच्या दोन बाजू आहेत. समुद्र सुरक्षित असल्यामुळे इंग्रजांना माणसे, दारूगोळा व पैसा मुंबई, मद्रास आणि कलकत्ता यांदरम्यान हवा तसा हलवता येत होता. मराठी सरदारांना ही सोय नव्हती.

तंजावरमध्ये या वेळी काय चालले होते? सरफोजींनी २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीला दिला होता. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. फौज नाही, बंदर नाही. अशा राजाने आपली शक्ती कुठे लावली? सरस्वती महाल ग्रंथालय, छापखाना, वैद्यक, शिक्षण आणि छत्रे यांत. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना सविस्तर पत्र लिहून छत्रांची व्यवस्था समजावली आणि ती आपल्याकडेच राहावीत असा आग्रह धरला. छत्रात सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. ओरत्तनाडुचे छत्र त्यानंतर वर्षभरात उभे राहिले. राज्य गेल्यावरही राजधर्म कुठे पाळता येईल, याचा हा शोध होता असे म्हणता येईल.

आता मनोऱ्याकडे पुन्हा वळू. सरफोजी लहानपणी या राज्यात युद्धाचा विध्वंस होऊन गेला होता. फ्रेंच आरमार किनाऱ्यावर आले की हैदर-टिपूंना बळ मिळते आणि रणांगण तंजावरचे होते, हा त्या पिढीचा अनुभव. नेपोलियनचे पतन ही त्यांच्या दृष्टीने दूरची बातमी नव्हती. तिचा एक अर्थ असा होता की आता या किनाऱ्यावर एकच आरमार उरणार. स्तंभाच्या लेखातील मित्रत्वाच्या भाषेत खुशामत आहे, सुटकेचा निःश्वास आहे आणि आपण काही ठरवू शकत नाही ही जाणीवही आहे. एका शिलालेखाचे असे अनेक अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात.

७. उशिरा पोचलेले जहाज

‘त्रिंकोमाली’ १८१८ मध्ये मुंबईहून इंग्लंडला निघाली. २४ जानेवारी १८१९ रोजी ती अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावर थांबली. ज्याच्याशी लढण्यासाठी तिची मागणी नोंदवली गेली, तो नेपोलियन त्याच बेटावर कैदेत होता. सहा दिवसांनी जहाज निघाले तेव्हा त्यात जॉन स्टोको हा आरमारी डॉक्टर होता. नेपोलियनला तपासून त्याच्या आजाराचा अहवाल देणे गव्हर्नर हडसन लो यांना रुचले नव्हते. पुढे लष्करी न्यायालयाने स्टोकोला नोकरीतून काढले. पाल्कच्या किनाऱ्यावर दगडात कोरलेले बोनापार्टचे पतन आणि मुंबईच्या सागवानाने पाहिलेली त्याची कैद, या दोन्हींमध्ये अंतर आहे जेमतेम चार-पाच वर्षांचे.

३० एप्रिल १८१९ रोजी जहाज पोर्ट्समथला पोचले. या एका प्रवासाला सुमारे ६,६०० पौंड लागले, म्हणजे बांधणीखर्चाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. आणि इतके करून जहाजाला काम नव्हते! युद्ध संपले होते. डोलकाठ्या उतरवून ते १८४५ पर्यंत राखीव ठेवण्यात आले. दरम्यान काळ पुढे गेला. मुंबईच्याच गोदीत १८२९ मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट उतरली आणि पुढच्या वर्षी ती सुएझपर्यंत जाऊन आली. शिडांचे दिवस सरत होते.

१८४५ नंतर कमी पण अधिक जड तोफा बसवून ‘त्रिंकोमाली’ला पुन्हा बाहेर काढले. १८४७ ते १८५७ या दहा वर्षांत तिने वेस्ट इंडीज व उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणि नंतर प्रशांत महासागरात काम केले. गुलामांचा व्यापार रोखण्याची गस्त, हैतीतील दंगे, क्रिमियन युद्धाच्या काळात रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरील मोहीम अशी कामे तिच्या वाट्याला आली. हिंदी महासागराशी तिचा संबंध पुन्हा फारसा आला नाही. पुढे ती तरुण नाविकांच्या शिक्षणासाठी वापरली गेली आणि १८९७ मध्ये भंगारात विकली गेली.

त्याच वर्षी नेल्सनचे एकेकाळचे जहाज ‘फूद्रोयां’ ब्लॅकपूलला वादळात फुटले होते. त्याचे मालक व्हीटली कॉब यांनी बदली म्हणून ‘त्रिंकोमाली’ विकत घेतली आणि तिलाच ‘फूद्रोयां’ हे नाव दिले. त्या नावाने ती १९८६ पर्यंत मुलामुलींना समुद्राची ओळख करून देत राहिली. नंतर हार्टलपूल येथे तिची दुरुस्ती झाली, १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले आणि २००१ मध्ये काम पुरे झाले. आज ती पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका मानली जाते. दोनशे वर्षांनंतरही तिच्यात मुंबईत बसवलेले सागवान मोठ्या प्रमाणात शिल्लक आहे.

८. हे जहाज कोणाचे?

या इतिहासाचे दोन सोपे अर्थ लावले जातात. पहिला अर्थ हे जहाज केवळ ब्रिटिश आरमाराचा वारसा मानतो. त्यात मुंबई एका ओळीत येते आणि सागवान दुसऱ्या ओळीत. दुसरा अर्थ आपल्याकडचा: ‘आपल्या कारागिरांनी इंग्रजांनाही हेवा वाटावा अशी जहाजे बांधली.’ यातील अभिमान रास्त आहे, पण तेथेच थांबलो तर महत्त्वाचा प्रश्न निसटतो.

कौशल्य आणि सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमशेटजी बोमनजींचे तैलचित्र ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. त्यात त्यांच्या कमरेला सन्मानाने मिळालेली चांदीची मोजपट्टी दिसते. असा मान मिळालेल्या कारागिराला आपले जहाज कोणत्या युद्धात जाणार हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. इतकेच काय, १८१४-१५ च्या सुमारास ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यांत भारतीय खलाशांना, म्हणजे ‘लस्करां’ना, ब्रिटिश नाविक मानायचे नाही असे ठरले आणि भारतात बांधलेल्या व्यापारी जहाजांना लंडनच्या व्यापारात अडचणी येऊ लागल्या. गरज असेल तेव्हा मुंबईची युद्धनौका हवी, पण मुंबईचे व्यापारी जहाज स्पर्धेला नको, असे हे धोरण होते. त्यातच आगबोटी व लोखंडी जहाजे आली. इंग्लंडमध्ये त्यांना सरकारी पाठबळ व कारखाने मिळाले. येथील कौशल्याला नव्या तंत्राकडे जाण्यासाठी तशी वाट मिळाली नाही.

तंजावरमध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. तेथे राजाकडे नाव, मान आणि पाच भाषांतील शिलालेख होता, निर्णय नव्हता. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी पुरुष वारसाविना मरण पावले आणि कंपनीने उरलेले संस्थानही खालसा केले.

हा पुरावा वाचताना एक सवय लावून घ्या. जहाजाच्या कप्तानांची नावे व प्रवासाच्या तारखा सहज मिळतात. मुख्य कारागिराचे नाव मिळते. पण नदीतून ओंडके वाहून आणणारे मलबारचे मजूर, मुंबईच्या गोदीतील आरेवाले, जहाजावरचे लस्कर यांची नावे अशा वर्णनांत येत नाहीत. नाव नसलेल्या माणसांचा शोध हिशेबाच्या वह्या, मजुरीची पत्रके, तक्रारअर्ज आणि तंजावरच्या बाबतीत मोडी कागदपत्रे यांतून घ्यावा लागतो. ओरत्तनाडुच्या छत्रात किती जणांना अन्न मिळाले याची नोंद ठेवणारा कारकून आणि मुंबईच्या गोदीत किती घनफूट सागवान उतरले हे लिहिणारा कारकून, हे दोघेही आपले साक्षीदार आहेत.

सारांश

तंजावर राज्याची बंदरे सतराव्या-अठराव्या शतकांत परकीय कंपन्यांकडे गेली, त्यामुळे युरोपातील युद्धे त्याच्या दारात आली. १७८२ च्या लढायांनी त्रिंकोमाली बंदराचे आणि मुंबईच्या गोदीचे महत्त्व दाखवून दिले. वाडियांचे कौशल्य व मलबारचे सागवान यांच्या बळावर १८१७ मध्ये ‘त्रिंकोमाली’ तयार झाली, पण ती जिच्यासाठी मागवली ती लढाई तोवर संपली होती. सरफोजींचा मनोरा आणि ही नौका एकाच दशकातील दोन वस्तू असून, वसाहतकाळात निर्मितीची क्षमता भारतीयांकडे आणि तिच्या वापराचा निर्णय इतरांकडे कसा राहिला, हे त्या दोन्हींवरून समजते.

विचारासाठी प्रश्न

१. चोळमंडलाच्या किनाऱ्याची नैसर्गिक रचना आणि मोसमी वारे यांचा आरमारी डावपेचांवर कोणता परिणाम झाला?

२. मलबारच्या सागवानाची मागणी व वसाहतकालीन वनधोरण यांतील संबंध स्पष्ट करा.

३. १८१७ मधील ‘त्रिंकोमाली’चे जलावतरण आणि खडकीची लढाई या घटना जवळच्या तारखांच्या आहेत. केवळ तारखा जवळ असणे आणि कार्यकारणसंबंध असणे यांतील फरक या उदाहरणाने समजावून सांगा.

४. तुमच्या जिल्ह्यात छत्र, धर्मशाळा, बंदर, जुनी वखार किंवा स्मारकस्तंभ यांपैकी काही असल्यास तेथे जा. ते कोणी बांधले, खर्च कोणी केला आणि त्यावर कोणाचे नाव नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे दोन पानांत लिहा.